रांगेतली माझी जागा

मी पिकलबॉलची, म्हणजे टेनिसच्या त्या धाकट्या भावंडाची बॅट बोलतेय. सपाट, निळी, आणि मुठीला माझ्या मालकिणीच्या, वर्नाच्या घामाचा वास. कालपासून मला असा काही धक्का बसलाय की अजून सावरले नाही. ऐका तर खरं.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वर्नाने मला दुकानातून उचललं तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. नेब्रास्कातलं घर विकून ती इथे ॲरिझोनात, निवृत्त लोकांच्या वसाहतीत एकटीच राहायला आली होती. मुलीचा सारखा फोन, "आई, कुणी ओळखीचं झालं का? नाहीतर ये बाई इकडे, तळघरातली खोली रिकामीच आहे." वर्नाने त्या तळघराची धास्तीच घेतली होती. आणि इथे ओळखी व्हायच्या तर त्या पिकलबॉलच्या मैदानावरच.

पण तिचा खेळ? अरे देवा! येईल तो चेंडू धोपटायची. मी कळवळायचे आणि चेंडू कुंपणापलीकडे. जाळीलगतच्या पट्ट्याला इथे किचन म्हणतात. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. वर्ना दर वेळी नेमकी तिथेच. "जन्म गेला माझा किचनमध्ये, सवय सुटते का लगेच!" म्हणून हसायची. शेजारची ग्लेनिस तिला शिकवायची. "छान गं! किती सुधारलीस!" मला ग्लेनिस फार आवडायची.

मैदानाच्या दाराशी खाचांची एक फळी आहे. आल्याबरोबर आपली बॅट खाचेत उभी करायची. पुढच्या चार बॅटी ज्यांच्या, ते चौघं एकत्र खेळणार. रांग मोडायची नाही, असा इथला शिरस्ता. एकदा मी अशीच उभी होते, शेजारी ग्लेनिसची बॅट. वर्ना पाणी प्यायला गेली. ग्लेनिसने इकडेतिकडे पाहिलं, आपली बॅट काढली आणि हळूच मागच्या चौघांत नेऊन ठेवली. मी थक्क! मला पाय असते तर पायाखालची जमीन सरकली असती. आणि वर्ना परतल्यावर बाई म्हणतात कशा, "वर्ना, किती सुधारलीस गं!"

पण वर्नाने नळापाशी उभं राहून सगळं पाहिलं होतं. गाडीत मला मांडीवर घेऊन ती ढसाढसा रडली. "एवढी नकोशी झालेय का गं मी?"

मला वाटलं, संपलं, आता तळघर. पण मुलीला ती म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत थांब." मग गॅरेजच्या भिंतीवर तिने जाळीच्या उंचीवर खडूने रेघ मारली. धोपटणं बंद. मूठ सैल, चेंडू रेघेच्या जरासा वर, अलगद. चुकला की पुन्हा. माझ्या मुठीवरची पट्टी झिजली, बदलली, परत झिजली. हीच का ती बाई, मला कळेना! पुढे तिचा चेंडू जाळीपलीकडे असा हलकेच पडायला लागला की समोरचे धट्टेकट्टे म्हातारे वाकता वाकता कण्हायचे.

आता माझ्या शेजारच्या खाचेसाठी झुंबड उडते. ग्लेनिस लिंबाच्या वड्या घेऊन येते. तळघरात मुलीने शिवणयंत्र मांडलंय.

आणि काल ओपल आली. नवीनच राहायला आलेली, नवरा नुकताच गेलेला. चेंडू धोपटते, किचनमध्ये शिरते. पहिला डाव हरून आली आणि तिने आपली बॅट माझ्याशेजारी ठेवली. केवढा आनंद झाला मला! आता वर्ना हिला सांभाळून घेणार. ओपल बुटाची नाडी बांधायला वाकली, तेवढ्यात माझ्या मुठीला ओळखीची बोटं लागली. वर्नाने इकडेतिकडे पाहिलं. मला खाचेतून उपसलं आणि मागच्या चौघांत, ग्लेनिसच्या बॅटीशेजारी उभं केलं.

तोंड असतं तर किंचाळले असते हो! नाडी बांधून ओपल उठली. वर्ना गोड हसली. "ओपल, किती सुधारलीस गं!"

आज पुन्हा तेच झालंय. ओपलची बॅट पुढे एकटी आहे. वर्ना पाणी प्यायला गेलीय. कुणीतरी या ना, मला उचला, आणि होते तिथे नेऊन ठेवा.