वगळलेले बांध

मी शेतं मोजतो, पण खुर्चीत बसून. उपग्रहाच्या फोटोत हिरवे तुकडे किती, ते एकमेकांपासून किती लांब, त्यांच्या कडा किती लांबीच्या, एवढं कळलं की त्या शेतात पाखरं, मधमाश्या, सरडे किती नांदत असतील याचा अंदाज बांधता येतो. मग शंभरपैकी गुण द्यायचे. मास्तरकीच म्हणा, फक्त विद्यार्थी तोंडासमोर नसतो.

मोजण्याआधी चाळणी लावावी लागते. ठरावीक आकाराहून लहान ठिपके कॉम्प्युटर पुसून टाकतो, नाहीतर सावलीचंही झाड होतं. चाळणी किती जाड ठेवायची हे शेत पाहून ठरवायचं असतं. मी शेत पाहिलं नाही. उन्हात कोण तडफडणार? जाड चाळणी लावली की काम दुपारपर्यंत उरकायचं, म्हणून मी जाड लावली.

मला मोजायला दिलेल्या शेतांच्या यादीत माझ्या आत्याचंही शेत होतं. तिच्या बांधांवर काटेरी झुडपं होती, रानगवत होतं, रुंदी जेमतेम दोन हात. चाळीस वर्षं तिने तिथे कुणाला कोयता लावू दिला नव्हता. ते सगळं माझ्या चाळणीतून गळून गेलं. आत्याला एकतीस गुण. शेजाऱ्याने एकाच जातीची इमारती लाकडाची झाडं रांगेत लावली होती, चिमणीही तिथे टेकायची नाही. त्याला अठ्ठ्याहत्तर.

गावच्या सभागृहात यादी मोठ्याने वाचली गेली. लोक खो-खो हसले. त्यानंतर येता-जाता ‘एकतीस’ म्हणून आत्याला चिडवायला लागले. तिने मला फोन केला.

“अरे, नीट मोजलंस ना?”

“आत्या, आकडे खोटं बोलत नाहीत,” मी म्हणालो. वर अक्कलही पाजळली, “तुझी माया आहे त्या झुडपांवर, म्हणून तुला ती जास्त दिसतात.”

चार महिन्यांनी साहेबांनी पडताळणीसाठी पिटाळलं, तेव्हा मी पहिल्यांदा तिथे गेलो. शेत तळहातासारखं सपाट.

“काढले बांध,” आत्या म्हणाली. “शिकलेला भाचा सांगतोय, तर म्हातारीने कशाला हट्ट धरायचा? मशीन लावलं, दोन दिवसांत साफ.”

तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडला आणि आताचा फोटो जुन्याच चाळणीने मोजला. एकतीस. बांध होते तेव्हा एकतीस, आता नाहीत तरी एकतीस. मग बांध असतानाचा फोटो बारीक चाळणीने मोजला. चौऱ्याऐंशी.

आत्या माझ्या खांद्यावरून पाहत होती. काय झालं ते मी सगळं सांगितलं.

“म्हणजे माझंच बरोबर होतं?”

“हो.”

“मग हे सभागृहात येऊन सांग. तिथेच हसले होते सगळे.”

“आत्या, नोकरी जाईल माझी.”

आत्याची जीभ भल्याभल्यांनी अनुभवली आहे. आता ती मला तासणार म्हणून मी वाट पाहत बसलो. चार शिव्या खाऊन तरी मोकळा झालो असतो.

“बरं, राहू दे मग,” ती म्हणाली. “उगाच तुझं नुकसान नको.”

लाजेने माझी मान वर होईना. नको, मी सांगतो, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, आणि राहू दिलं.