बिनखिशाचा झगा

गरिबी तयार करायला मला अकरा दिवस लागले. आठ झगे, एकाच निळ्या कापडाचे, एकाच मापाचे आणि आठही अगदी सारखे फाटके. गाण्यात नायिका नाचते, घामाने भिजते, म्हणून एका कपड्याच्या आठ जोड्या ठेवाव्या लागतात. नवंकोरं कापड चहाच्या पाण्यात बुडवायचं, कोपरांवर काचकागद घासायचा, घेर तारेच्या ब्रशने उसवायचा. सिनेमासाठी नवे कपडे जुने करणं हेच माझं काम. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई हसून हसून खाली बसली होती.

"मी जन्मभर जुनं नवं दिसावं म्हणून मर मर मेले," ती म्हणाली, "आणि माझी लेक पगार घेऊन नवं फाडतेय!"

आईने चाळीस वर्षं एका धुलाईघरात इस्त्री आणि रफू केलं. तिच्या हातून फाटका कपडा तसाच सुटणं शक्यच नाही. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं, त्याला अक्कल गहाण टाकणं म्हणतात.

सिनेमा एका जुन्या संगीत नाटकावरून होता. सात गिरण्यांचा मालक सुख शोधत फिरतो आणि त्याला स्वतःच्याच वाड्यामागे कपडे धुणारी एक बाई भेटते. ती हसत गाते, 'खिसाच नाही झग्याला, हरवेल काय सांगा?' आणि दोन्ही हात कमरेवर आपटून दाखवते. तेवढ्यावर मालक सगळी दौलत वाटून टाकतो. मला विचाराल तर गिरण्या असलेला माणूस एवढा भोळा नसतो, पण मला कोण विचारतंय? अख्खा सिनेमा त्या गाण्यावर आणि त्या नसलेल्या खिशावर उभा होता.

माझंही सगळं त्या गाण्यावरच अडकलं होतं. आमच्या कपडेपटाच्या प्रमुख बाई मध्येच काम सोडून गेल्या होत्या. दिग्दर्शक मला म्हणाले, "हे गाणं नीट पार पाड, प्रमुख म्हणून पडद्यावर तुझं नाव देतो." सतरा वर्षं मी कपडे फाडत होते. माझं नाव पडद्यावर एकदाही आलं नव्हतं.

नेमकी त्याच आठवड्यात इस्त्रीवाली आजारी पडली. दुसरं कोणी मिळेना, म्हणून मी आईला घेऊन गेले. दारात व्यवस्थापकांनी विचारलं, "ह्या कोण?"

"ओळखीच्या आहेत," मी म्हणाले.

उद्या प्रमुख होणाऱ्या बाईची आई इथे इस्त्री करते, हे मला तिथे कुणाला कळायला नको होतं. लाज वाटते सांगायला, पण खरं ते खरं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं, बाह्या वर सरकवल्या आणि इस्त्री तापायला लावली.

दुसऱ्या दिवशी मला नायिकेच्या बुटांसाठी दिवसभर बाहेर जावं लागलं. आठ झगे दांडीवर टांगलेले होते. आईला त्यांच्याबद्दल एक शब्दही सांगायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घेऊन पोहोचले, तर गाणं सुरू झालेलं. दिव्यांच्या झोतात नायिका उभी, आणि तिच्या अंगावरचा झगा स्वच्छ! माझ्या हातातली बुटांची पेटी खाली पडली. कोपराची भोकं गायब होती, घेर शिवलेला होता. इस्त्रीची घडी अशी कडक की तिने बोट कापावं. माझे अकरा दिवस साबणाच्या पाण्यात गेले होते.

मी ओरडणार, तेवढ्यात ती ओळ आली. 'खिसाच नाही झग्याला', नायिकेने ऐटीत हात कमरेवर आपटले आणि तिचा उजवा हात मनगटापर्यंत आत गेला.

खिशात.

ती जागच्या जागी थिजली. वादक दोन मात्रा पुढे जाऊन एकेक करत थांबले. नायिकेने हात बाहेर काढून त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो तिचा नव्हताच. खिशाच्या तोंडाशी घातलेली ती दुहेरी टीप मी लांबूनच ओळखली. लहानपणी माझ्या प्रत्येक फ्रॉकला तसाच खिसा असायचा आणि त्यात रोज एक बिस्कीट.

"हा खिसा कोणी लावला?" दिग्दर्शकांचा आवाज चढला. "तू?"

"मी नाही," मी म्हणाले आणि बोट दाखवलं. "ह्या बाईंनी. रोजंदारीवर आहेत. मी फारशी ओळखत नाही त्यांना."

हे शब्द माझ्याच तोंडून आले. ऐकून मीच सुन्न झाले. आई इस्त्रीच्या टेबलामागे उभी होती. तिचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तो हलला असता तर बरं झालं असतं.

"कोणाला विचारून लावलात?" दिग्दर्शक गरजले.

"साहेब, रागावू नका," आई शांतपणे म्हणाली. "पण कपडे धुणारी बाई खिशाशिवाय कशी फिरेल? साबणाचा तुकडा, घराची किल्ली, पोरीसाठी काही खाऊ, हे ठेवायचं कुठे? ज्यांचं सामान उचलायला माणसं असतात, त्यांना खिसा लागत नाही. आम्हाला लागतो."

आता बॉम्ब फुटणार म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या. दिग्दर्शक मात्र नायिकेच्या त्या हाताकडे टक लावून पाहत राहिले.

"म्हणजे ती खोटं गातेय," ते पुटपुटले. मग एकदम ओरडले, "मालकासमोर हसत गातेय खिसा नाही म्हणून, आणि हात खिशात! घट्ट मूठ! अरे, हेच तर हवं होतं! पुन्हा घ्या!" ते आईकडे वळले. "बाई, ही कल्पना तुमची?"

आता ती सांगणार, मी हिची आई आहे म्हणून. तिने सांगावं असंही वाटत होतं आणि सांगू नये असंही.

"छे हो," आई म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, तसं मी शिवलं."

मॅडम. जन्मापासून ती मला ठमे म्हणत आली आहे.

दिग्दर्शकांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "मग 'मी नाही' असं का म्हणालीस? घाबरलीस होय!"

आणि मी मान हलवली. हो म्हणाले मी! माणूस इतका खाली घसरतो, आणि घसरताना त्याचं त्यालाच ते दिसत असतं.

घरी मी दोनदा विषय काढला, तर आई म्हणाली, "चहा गार होतोय."

सिनेमाच्या पहिल्या खेळाला मी तिला घेऊन गेले. नायिकेचा हात खिशात गेला, पडदाभर ती दुहेरी टीप दिसली, आणि सगळं प्रेक्षागृह टाळ्यांनी दणाणलं. शेवटी माझं नाव आलं. आई उभी राहून टाळ्या वाजवू लागली. आजूबाजूचे वळून पाहू लागले. तिच्या पलीकडे मोत्यांची माळ घातलेली एक बाई बसली होती. तिने पडद्यावरच्या नावाकडे बोट दाखवत आईला कौतुकाने विचारलं, "कोण हो ह्या? तुमच्या कोणी लागतात का?"

आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "ओळखीच्या आहेत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी नीट ऐकलं, खरंच नव्हता. माझं काम जाऊ नये म्हणून ती अजूनही मला सांभाळत होती.

"आई!" मी मोठ्याने म्हणाले. पुढच्या दोन रांगा वळल्या.

तिने घाबरून माझं मनगट दाबलं.

"हळू बोल, ठमे," ती कुजबुजली. "कुणीतरी ऐकेल."