तीन शिंपले आणि कोकमाचा जग

“कल्पिता, पोरीला सारखी मोरीत पिटाळू नकोस. तिचं तिला कळू दे,” घरातल्या थोरल्या गोदूआत्या म्हणाल्या.

“मग फ्रॉक तुम्ही धुणार काय, आत्या?” कल्पिताने ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, हे मी माळ्यावरून ऐकलं. मी एक जुना मापाचा जग आहे. बोर्लीजवळच्या या वाडीत मी वर्षानुवर्षं कोकमाचं सरबत मोजलं. “माप असावं तर असं!” असं गिऱ्हाईक म्हणालं की मी अंगावरच्या रेघा मिरवायचो. मग नवं यंत्र आलं आणि मी अडगळीत गेलो.

कल्पिताची लेक क्षिप्रा पहिलीतली. एकदा लग्नात तिला लघवी आवरली नाही, फ्रॉक ओला झाला. तेव्हापासून आईचा धोशा, “जाऊन ये, जाऊन ये!” तरी शाळेत फजिती व्हायचीच. शेवटी पोर शाळेत पाण्याला शिवेना. सहल निघाली, आगरदांड्याहून बोटीने दिघीला. “मी नाही जाणार,” ती म्हणाली.

कल्पिता घाबरली. हिला लघवीची जाणीवच नाही की काय? माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या.

“आता लघवीसाठी नळी घालणार?” कल्पिताने विचारलं.

“नाही हो! लघवीची पिशवी भरायच्या आधीच रिकामी करता, मग तिला कळणार कधी? घरी मापाचा जग आहे?”

असं माझं नशीब उघडलं. कोकमावरून थेट मोरीत! डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून खिडकीत तीन शिंपले मांडले. चाहूल लागली तर लहान, जायला हवं तर मधला, पळायचं तर मोठा. क्षिप्राने शिंपला दाखवायचा, मग मी मोजायचं. आईने मात्र आठवण करायची नाही.

कल्पिता ओढणीचं टोक चावत बसली. पहिल्या दिवशी फरशी ओली झाली, आईचे डोळेही. दुसऱ्या दिवशी आरोळी आली, “आई, मोठ्ठा शिंपला! सरक!” मी वरच्या रेघेपर्यंत भरलो. पुढे रोज तेच. लहान शिंपल्याला खालची रेघ, मोठ्याला वरची.

“आत्या, हिला कळतंय! सगळं कळतंय!” कल्पिता मोरीतूनच ओरडली. कोकमाच्या दिवसांतही माझा असा जयजयकार झाला नव्हता.

क्षिप्रा सहलीला गेली, पोटभर पाणी प्यायली. भर खाडीत म्हणाली, “बाई, मधला शिंपला! पण दिघीपर्यंत थांबेन.” बाई बुचकळ्यात पडल्या. पोर कोरड्या फ्रॉकात, नाचत घरी आली.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी पाण्याची बाटली न उघडताच घरी नेत असेल. त्याला हसू नका. उद्या मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसा आणि हळूच विचारा, “पाणी प्यायलास का रे?”