नीट ठेवलेली बाटली

मित्रांनो, मी मुलांच्या वॉर्डातला एक जुना फ्रिज आहे. छाती ठोकून सांगतो, माझ्या पोटात गेलेली वस्तू कधी नासली नाही. लसी, औषधं, डॉक्टरांचे डबे, एकदा तर कुणाचा चष्मा. सगळं जसंच्या तसं परत दिलं. याच गुणानं घात केला.

ठमी दोन वर्षांची. अंगात फणफणून ताप, पण मी घुरघुरलो की म्हणायची, "हा घोलतो."

"तुझ्या बाबांसारखा," आई म्हणायची.

रक्तात जंतू शिरल्याचा संशय होता. म्हणून ठमीचं थोडं रक्त एका बाटलीत घेतलं. त्या बाटलीत जंतूंसाठी खाऊ असतो. उबेत ठेवली की जंतू वाढतात, मग जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधानं मरतो ते कळतं. हे मला फार उशिरा समजलं.

रविवार होता, तपासणीची खोली बंद. धाकट्या डॉक्टरबाई वॉर्डातल्या मावशींना घाईत म्हणाल्या, "मावशी, ही उद्यापर्यंत नीट ठेवा."

"बाहेर केवढं उकडतंय, नासेल बिचारी," म्हणत मावशींनी बाटली माझ्यात ठेवली. मीही जीव तोडून गार केली.

जंतू दुर्मीळ होता आणि नाजूकही. बाटलीतला गारठून मेला. ठमीच्या अंगातला मजेत होता. रिपोर्ट आला, काही वाढलं नाही.

"बघा, माझ्या पोरीचं रक्त स्वच्छ आहे," आई सगळ्या खाटांना सांगत फिरली. डॉक्टर तापाचं कारण छातीत शोधू लागले, मग पोटात. नेहमीचं औषध चालू होतं, पण या जंतूला ते पाण्यासारखं.

ठमी बोलेनाशी झाली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाटली कुठे ठेवली होती?"

मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि स्टुलावर बसल्या.

"मी सांगायला हवं होतं, मावशी," धाकट्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुन्हा रक्त घेतलं, उबेत ठेवलं. जंतू सापडला, त्याचं औषधही सापडलं. औषधाच्या कुप्या माझ्या वरच्या फळीवर ठेवल्या. त्यातली एकच वापरली गेली. बाकीच्या माझ्याकडेच राहिल्या, ठमीची खाट रिकामी झाल्यावरही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाला काही सांभाळायला दिलंत तर कसं सांभाळायचं तेही सांगा. आणि तुमच्या हाती दिलं तर विचारून घ्या, विचारणारा मूर्ख ठरत नाही.

नंतर माझ्या कुशीवर पाटी चिकटवली: 'जंतू तपासणीच्या रक्ताची बाटली इथे ठेवू नये.' मावशी ती रोज ओल्या फडक्यानं पुसायच्या. गेल्या आठवड्यात फरशी धुवायला मला कोपऱ्यात सरकवलं. पाटीची बाजू भिंतीकडे गेली.