आईचा मेनू

“जुनं मशीन कुठंय?” भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आतच बापानं विचारलं.

“भंगारवाल्याला दिलं,” थोरला मुलगा म्हणाला. तो कालच आईला भेटायला आला होता. “किती रडतखडत चालायचं ते, बाबा! हा बघा नवा. आईला सरप्राइज.”

टेबलावर चकचकीत कॉम्प्युटर होता. समोर आई बसली होती, डावी मूठ आवळून. स्क्रीनवर नखाएवढी चित्रं, त्यांच्याखाली बारीक अक्षरं.

तिला अक्षरं लागत नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर माणसांना माणसं जोडून देणारी ही बाई. अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला, वाचणं गेलं आणि जिभेवर दोनच शब्द उरले, ‘अहो’ आणि ‘नाही’. लिफ्टदुरुस्तीत हयात घालवलेल्या नवऱ्यानं मग माळ्यावरचं जुनं मशीन काढलं. त्या मशीनला जड सॉफ्टवेअर झेपत नव्हतं, म्हणून हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घातली आणि चुकत, स्वतःला शिव्या देत तिच्यासाठी मेनू बनवला. एक बटण दाबलं की स्क्रीनभर मोठी चित्रं उघडायची. बहिणीचा फोटो दाबला की बहिणीला फोन लागायचा. रेडिओचं चित्र दाबलं की गाणी. तिनं पहिल्यांदा स्वतः फोन लावला त्या दिवशी बहीण बोलत होती आणि ही नुसती हसत, डोळे पुसत ऐकत होती.

“तिला विचारलंस?” बापाचा आवाज चढला.

“विचारायचं काय त्यात? चांगल्यासाठीच केलं ना मी!”

“चांगल्यासाठी! तिची जीभ उपटून भंगारात टाकलीस, आणि वर सरप्राइज?”

“मला काय माहीत त्यात काय होतं ते?”

“म्हणूनच विचारायचं असतं, गाढवा!”

दोघं तसेच भंगारवाल्याकडे धावले. त्यानं मशीन केव्हाच फोडलं होतं. तारा एकीकडे, पत्रा एकीकडे. परत येताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

घरी आल्यावर बापानं नव्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं, तीच हलकी सिस्टिम चढवली आणि आठवून आठवून मेनू लावायला घेतला. बहीण. रेडिओ. मग हातांच्या व्यायामाचा व्हिडिओ.

टेबलावर मूठ आदळली.

“नाही!”

“अगं, व्यायाम आहे तो. रोज करतेस की.”

“नाही!” तिचा चेहरा लाल झाला होता. “नाही! नाही!”

“डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून तर...”

“बाबा,” थोरला हळूच म्हणाला, “तुम्ही तरी तिला विचारलं होतं का?”

बापाच्या कानशिलात कुणीतरी वाजवावी तसं झालं. ती रोज सकाळी ते चित्र दाबायची, कारण तो मागं उभा असायचा.

“अहो,” ती म्हणाली. आवाजात लाडीगोडी नव्हती. तिनं हात पुढे केला.

त्यानं माउस तिच्याकडे सरकवला आणि खुर्चीवरून उठला. डाव्या हाताला मोठी चित्रं नुसती दाबायची सवय होती, ओढायची नव्हती. बाण भलतीकडेच पळत होता. थोरला मदतीला वाकला, तशी तिनं कोपरानं त्याला बाजूला सारलं. व्यायामाचं चित्र ओढत ओढत तिनं कडेला नेलं आणि स्क्रीनबाहेर लोटलं. मग मेनूसाठी बापानं पेनड्राइव्हवरून घेतलेले घरच्यांचे फोटो एकेक उघडून निरखू लागली, कुणाला घ्यायचं ते ठरवत. घाई नव्हती.

बाप-लेक तिच्या पाठीशी उभे होते, हात बांधून. तिनं मागं वळून पाहिलं नाही.