एक्रोनची दुभती गाय

गहू पिकून पिवळाधमक झाला होता, आणि कापायला माणूस नव्हता. एक्रोन नगरीवर ऊन पडले होते ते स्वच्छ, निर्मळ, निर्दय. आणि त्या उन्हात भरदिवसा उंदीर जुन्या धान्याच्या राशींवरून संथ चालले होते, कुणाचीही भीडभाड न ठेवता. दारोदार माणसे काखेतल्या गळवांनी तळमळत होती.

हे सारे एका पेटीपायी. इथल्या पलिष्टी लोकांनी लढाईत डोंगरापलीकडच्या इस्राएलांच्या देवाची सोन्याने मढवलेली पेटी लुटली आणि गावात आणली. विकतचे दुखणे म्हणतात. यांनी तर ते लुटून आणले!

तिर्शाची पाच वर्षांची लेक सात दिवस खाटेवर निपचित होती. आणि आज पुजाऱ्यांनी तिर्शाची कबरी गाय मागितली: नुकती व्यालेली, मानेला कधी जू न शिवलेली. तशीच दुसरी शेजारणीची. दोघींना नव्या गाडीला जुंपायचे, गाडीवर पेटी ठेवायची, वासरे घरी कोंडायची. हाकणारा कुणी नाही.

"गाई वासरांकडे परतल्या, तर रोग इथेच राहील," म्हातारा पुजारी म्हणाला. "सरळ डोंगराकडे गेल्या, तर तो देव गेला, आणि रोगही गेला, बाई."

गाडी हलली. कबरी हंबरली. गोठ्यातून वासराने ओ दिली, आणि तिर्शाच्या काळजाचे पाणी झाले: आता ही परतणार, आणि लेक हातची जाणार. तिने वासराच्या तोंडात आपली बोटे घातली. ते चोखू लागले, गप्प झाले. लबाडी खरीच, पण आईच ती, काय करील?

बोटांना दूध येईना. वासराने ती सोडली आणि टाहो फोडला, थेट वेशीपर्यंत.

कबरीने तो ऐकला. आचळांतून दूध आपसूक गळू लागले, पांढरे, ऊन ऊन, धुळीत. ती जीव तोडून हंबरत होती. पण मान वळेना. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. डोळे मागे, पाय पुढे. कासरा कुणाच्याच हाती नव्हता. तरी तो ताणलेला होता.

खाटेवर लेकीला दरदरून घाम सुटला. ताप उतरला.

"आई," ती म्हणाली, "पाणी दे ना."

तिर्शाने पाणी पाजले, तिला उराशी धरले, आनंदाने रडली. आणि रडता रडता थिजली. वासरू असे ओरडत असता जो देव त्याच्या आईला चालवतो, तो उद्या कुणाही आईला चालवील.

मग भर दुपारी तिने दार लावले, ओढणीचे एक टोक खाटेच्या खुराला बांधले, दुसरे आपल्या पायाला. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. दूर डोंगरात हंबरणे बारीक झाले, अजून बारीक झाले, आणि वाटेवर दूध सुकत गेले.