अकीकाचा खल

"बाई, थांबा! ते आकडे पाठवू नका."

प्रयोगशाळेच्या दारात काका धापा टाकत उभे होते. मातीचे नमुने दळण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, निवृत्तीला चार दिवस उरले होते, आणि इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नव्हता.

"का हो काका? आठ वर्षांनी आत्ता कुठे गाडी रुळावर आलीय."

बाईंच्या अभ्यासातलं बेट पांढऱ्या चुनखडीचं, आणि वर पुरुषभर तांबडी माती. चुनखडीतून एवढी माती निघणं शक्यच नाही. मग ती आली कुठून? शेजारच्या बेटावरच्या ज्वालामुखीची राख, की समुद्रापलीकडच्या वाळवंटातून वाऱ्याने आणलेली धूळ? पावसाने मातीतलं बरंच काही धुऊन जातं. झिरकोनियम हा धातू मात्र घराण्याच्या नाकासारखा टिकून राहतो. वाळवंटाच्या धुळीत तो जास्त, ज्वालामुखीच्या राखेत कमी. बाईंचा जीव वाळवंटावर, आणि शेवटच्या चौदा नमुन्यांनी त्यांच्याच बाजूने कौल दिला होता.

"ते चौदा मी यंत्राच्या पांढऱ्या भांड्यात दळले," काका म्हणाले. "त्या दिवशी अकीकाच्या दगडी भांड्याला तडा गेला होता. पांढरं भांडं झिरकोनियमचंच. झिजून मातीत उतरलं असणार."

"पण नोंदवहीत तर अकीक लिहिलंय."

"सकाळी आधीच लिहून ठेवायची खोड माझी. भांडं बदललं, वही तशीच राहिली."

कोणाला कधी कळलंही नसतं. काकांची बायको सकाळी म्हणालीच होती, "चार दिवस राहिलेत, झाकली मूठ राहू द्या की." काका अर्धा चहा तसाच टाकून निघाले होते. आता त्यांनी वही ओढून त्या चौदा नोंदींसमोर लाल शाईने लिहिलं: 'भांडं चुकीचं. चूक माझी.'

"माती उरलीय का थोडी?"

"उरलीय तर! निम्मी मी बाटलीत ठेवतोच."

या सवयीवरून सगळे त्यांची टर उडवायचे. काकांच्या कपाटात धूळसुद्धा लेबल लावून बसते, म्हणायचे.

पुढचे तीन दिवस काकांनी यंत्राला हात लावला नाही. अकीकाचा छोटा हातखल घेऊन चौदाच्या चौदा नमुने मैद्यासारखे होईपर्यंत घोटले. खांदा भरून आला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर तो निमूटपणे उचलायचाही, असा माणूस हजारात एखादाच.

चौथ्या दिवशी नवे आकडे आले. चौदाही नमुने राखेचे निघाले.

"आठ वर्षं मी भलतीकडेच तोंड करून उभी होते, काका."

"माझ्यामुळे सगळं—"

"तुमच्यामुळे वळले."

संध्याकाळी काका वही परत ठेवायला गेले. त्यांच्या लाल ओळीखाली बाईंच्या अक्षरात एक नवी ओळ होती: 'न तपासता सही केली. चूक माझीही.'

काकांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. मग रोजच्यासारखा हातखल तीनदा धुतला, फडक्याने कोरडा केला आणि कपाटात त्याच्या जागी पालथा ठेवला.